इंजेक्शनवाली फटफटी आणि घरगुती कारागिरी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राजकारण, फार तर अर्थशास्त्र, अशा विषयांची वहिवाट आहे. महाड तर इतिहासाचेच गाव. एका अंगाला चवदार तळे, दुसऱ्या अंगाला रायगड. अशा ठिकाणी फटफटीच्या इंजिनावर तासभर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे पुढच्या रांगेतल्या काही वडीलधाऱ्यांना नवल वाटत असेल. परंतु आज संध्याकाळी या सभेला येताना आपण बाहेर पाहिलेच असेल. मंडपाच्या दाराशी चपलांचा ढीग जेवढा आहे, त्याच्या शेजारी फटफट्यांची रांग त्याहून लांब आहे. पोलादपूर तालुक्यात ज्या वाडीला एस.टी. दिवसातून एकदोनदाच तोंड दाखवते, तेथे दूध, दाणे, आजारी माणूस आणि परीक्षेला जाणारे पोर या सर्वांची वाहतूक याच एका यंत्रावर चालते. घरात जे वाहन बैलाच्या जागी आले त्याची प्रकृती आपल्याला समजू नये, हे काही बरे नाही. बैलाचे दात पाहून वय सांगणारी माणसे आपल्यात अजून आहेत.

विषयाचे आणखी एक अंग आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. अलीकडे आपल्या तरुण मंडळींत गाडी घरच्या पडवीत उघडून ‘सुधारण्याची’ हौस वाढली आहे. मूळ सायलेन्सर काढायचा, पोकळ नळीचा बसवायचा. हवेची चाळणी काढून उघडी चाळणी लावायची. आणि कुठून तरी मागवलेली एक डबी वायरींना जोडून ‘ट्यूनिंग केले’ म्हणून मित्रांना सांगायचे. वडील मंडळी याला सरसकट उनाडकी म्हणतात; तरुण मंडळी याला सरसकट विज्ञान म्हणतात. आमचे मत दोघांहून निराळे आहे, आणि ते का निराळे आहे हे सांगायचे तर आधी इंजिनाच्या पोटात शिरावे लागेल.

आपल्या लहानपणी घरोघर डास मारण्याचा फ्लिटचा पंप असे. दांडा दाबला की हवा जोराने एका बारीक नळीच्या तोंडावरून जाई आणि डब्यातले औषध आपोआप वर ओढले जाऊन त्याचा फवारा उडे. जुन्या फटफटीचा कार्बोरेटर म्हणजे थोडाफार हाच पंप. इंजिनाचा दट्ट्या खाली गेला की हवा आत ओढली जाते. ती एका आवळलेल्या गळ्यातून वेगाने जाते. त्या वेगाने पेट्रोल वर खेचले जाते. किती सुंदर युक्ती! वीज नको, गणित नको, बॅटरीची गरज नको. एक स्क्रू अर्धा आटा फिरवला की मिश्रण बदलले. गावोगावच्या मिस्त्रींनी पन्नास वर्षे याच स्क्रूवर संसार केले.

पण या युक्तीत एक खोट आहे. कार्बोरेटर हवेचा वेग ओळखतो, वजन ओळखत नाही. आणि ज्वलनाचा सगळा व्यवहार वजनाचा आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, मग ती हवा गरम असो, थंड असो, दाट असो की विरळ असो. कार्बोरेटर हा पायलीने मोजून देणारा दुकानदार आहे; धान्य ओले आहे की सुके, याची त्याला पर्वा नाही. इंजेक्शन हा तराजू घेऊन बसलेला वाणी आहे.

हा तराजू कसा चालतो? हवेच्या वाटेवर दाब मोजणारा एक संवेदक असतो, उष्णता मोजणारा दुसरा, झडप किती उघडली हे सांगणारा तिसरा, आणि इंजिनाचे चाक कोठे आहे व किती वेगाने फिरते हे सांगणारा चौथा. ही सर्व वार्ता एका लहान पेटीकडे जाते. तिला ‘ईसीयू’ म्हणतात. पूर्वी पेढीवर मुनीमजींच्या हाताशी तयार हिशेबाचे पुस्तक असे. इतक्या मणाला या भावाने किती, ते उभ्या-आडव्या रकान्यांतून बोट फिरवून क्षणात निघे. ईसीयूच्या पोटात तसेच कोष्टक असते. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत झडपेचे उघडणे किंवा हवेचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा.

हजारांश सेकंद म्हटल्यावर ते पोकळ वाटते, म्हणून थोडा हिशेब देतो. दीडशे सी.सी.चे इंजिन एका खेपेस पुरते भरले तर आत जाणारी हवा भरते सुमारे ०.१८ ग्रॅम. तिला पेट्रोल लागते सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर हे दान सेकंदाला पन्नास वेळा द्यायचे असते. एकेका दानाला अवधी मिळतो पुरता वीस हजारांश सेकंद, आणि त्यातही इंजेक्टर उघडा असतो थोडाच काळ. या मापात कोणी ‘जरा जास्त सोड’ म्हणून हात घातला, तर तो काय करतो आहे हे त्याला नेमके ठाऊक असले पाहिजे.

आता हा तराजू आपल्याच रस्त्यावर पारखून पाहू. जगात मोठमोठ्या कंपन्या यासाठी कृत्रिम दाबाच्या खोल्या बांधतात. आपल्याला आंबेनळी घाट फुकट मिळाला आहे. महाड समुद्रसपाटीपासून काही मीटर उंच. पोलादपूरहून पूर्वेकडे वळले, कापडे मागे टाकले, की चढ लागतो. प्रतापगडाचा फाटा ओलांडून महाबळेश्वरी पोचेपर्यंत आपण साडेतेराशे मीटरच्या आसपास चढलेले असतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे १५ टक्के उतरतो. वरची हवा थंड असल्याने वजनाची थोडी भरपाई होते, तरी लिटरमागे हवेचे वजन जवळजवळ एक अष्टमांशाने घटते. जुन्या नाण्यांत सांगायचे तर रुपयामागे दोन आणे हवा गायब.

कार्बोरेटरची गाडी हे जाणत नाही. ती हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देत राहते. मिस्त्री म्हणतो ‘गाडी रिच झाली’, प्लग काळा पडतो, धूर येतो. इंजेक्शनची गाडी दाब मोजते आणि पेट्रोलही त्या प्रमाणात कमी करते. मिश्रण वाड्याला जसे, तसेच महाबळेश्वरच्या बाजारात. मात्र येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ तरुण तक्रार करतात, ‘घाटात गाडी ओढत नाही, जरा ट्यून करून द्या.’ बाबांनो, दोन आणे हवाच नाही, तर दोन आणे शक्ती कोठून येणार? ईसीयूच्या कोष्टकात कोणताही आकडा लिहिला तरी प्रतापगडाच्या डोक्यावरची हवा दाट होत नाही. घाटात ओढ हवी असेल तर मागच्या चाकाच्या चक्राला दोन दात जास्त घ्या, साखळी नीट ताणा, टायरमधली हवा पाहा. तेवढ्याने जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या डबीने पडत नाही. सपाटीवर वेग थोडा उतरेल; पण महाड-पोलादपूरच्या माणसाला सपाटी आहे तरी किती?

येथवर पेटीने हवा मोजली आणि पेट्रोल दिले. पण दिलेले बरोबर होते की नाही, हे कोण सांगणार? त्यासाठी सायलेन्सरच्या नळीत एक संवेदक बसवलेला असतो. त्याला प्राणवायू संवेदक म्हणू. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही, एवढेच तो हुंगतो. आपल्या घरात एखादी आजी असते. जेवण झाल्यावर ती एवढेच म्हणते, ‘आमटी खारट’ किंवा ‘आमटी अळणी’. किती खारट, किती चिमटी मीठ जास्त, ते ती सांगत नाही. हा संवेदक तशी आजी आहे. पेट्रोल जास्त झाले तर त्याची वीज एक व्होल्टच्या जवळ जाते, कमी झाले तर शून्याच्या जवळ. मधले मोजमाप त्याला जमत नाही. पेटी त्याचे ऐकून पुढच्या खेपेला थोडे कमी देते. लगेच तो म्हणतो ‘अळणी’, पेटी थोडे वाढवते. संथ चालीत आणि मंद फेऱ्यांवर सेकंदासेकंदाला ही झुलाझुल चालू असते. थ्रॉटल पुरते पिळले की मात्र पेटी आजीचे ऐकत नाही, थेट कोष्टकाप्रमाणे देते.

ही गोष्ट समजली की बाजारातल्या निम्म्या ‘ट्यूनिंग’चे रहस्य उलगडते. उघडी चाळणी लावली, हवा जास्त आली. पेटीला दाबावरून आणि आजीच्या तक्रारीवरून ते कळते आणि ती पेट्रोल जुळवून घेते. संथ चालीत आपण केलेली सुधारणा ती निमूटपणे पुसून टाकते. एवढेच नव्हे, ती शिकते. ‘या गाडीला नेहमीच थोडे जास्त लागते’ अशी नोंद ती ठेवते. मग कोणी हुशार मनुष्य आजीच्याच तोंडात खडीसाखर भरतो, म्हणजे संवेदकाच्या वायरीत असा एक तुकडा जोडतो की तो पेटीला नेहमी ‘अळणी’ असेच सांगेल. पेटी पेट्रोल वाढवते. गाडी क्षणभर जिवंत वाटते, कारण मिश्रण साडेबारा-तेरापर्यंत आले की इंजिन सर्वाधिक शक्ती देते, हे खरेच आहे. पण जास्तीचे पेट्रोल जळून जात नाही. ते दट्ट्याच्या भिंतीवरचे तेल धुते, आणि पुढे जाऊन सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकात पेट घेते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेली ती जाळी अति उष्णतेने वितळून बसते. वर्षभराने गाडी गुदमरते आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

ही पेटी आपल्या गाड्यांत आली कशी, हेही थोडे पाहू. जपानच्या कावासाकीने १९८० साली इंजेक्शनची मोटारसायकल बाजारात आणली. आपल्याकडे हिरो होंडाने २००६ साली ग्लॅमरमध्ये हा प्रयोग केला. पुढच्या वर्षी आपल्या पुण्याच्या बजाजने पल्सर २२० इंजेक्शनसह काढली. पण २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर आणली, आणि ती स्वस्त तर झालीच, शिवाय शक्तीतही उणी पडली नाही! ज्यांना वाटते की इंजेक्शन हे शक्तीसाठी आहे, त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. इंजेक्शन आले ते शक्तीसाठी नाही, नेमकेपणासाठी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. मोटारसायकलने किलोमीटरमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडू नये, नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत, अशी ती कडक मर्यादा. फ्लिटच्या पंपाला हे जमणे कठीण होते. तेव्हापासून आपल्या बाजारातली शंभर सी.सी.ची दूधवाल्याची गाडीसुद्धा तराजूवर बसली.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम घातले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सायलेन्सर काढला, उत्प्रेरक काढला, पेटीला खोटे बोलायला लावले, हे सगळे त्यात येते. गाडी अपघातात सापडली तर विम्याचा कारकून याच गोष्टी आधी शोधतो. पोकळ सायलेन्सरबद्दल आम्ही जास्त बोलत नाही. रात्री अकरा वाजता भर बाजारपेठेतून ज्याने आपली शक्ती गावाला ऐकवली, त्याच्या शक्तीबद्दल गावाचे मत काय होते ते गावाला विचारावे.

आणि घाटाबद्दल एक वाक्य. काही मुले सुधारलेली गाडी पारखायला आंबेनळीची वळणे निवडतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस याच घाटात दरीत कोसळली आणि त्यातला एकच जण वाचला. ज्या रस्त्याला कठड्यापलीकडे काही नाही तो रस्ता इंजिनाची परीक्षा घेण्याचा नाही. शर्यतीचेच इंजिन करायचे असेल तर त्यासाठी श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रासचा ट्रॅक आहे, कोइंबतूरचा करी ट्रॅक आहे. तेथे नंबर प्लेट लागत नाही आणि समोरून ट्रक येत नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग तुम्हीही वडिलांच्याच पक्षाचे. मुलांनी पाना हातात घेऊच नये म्हणता. नाही. येथेच आमचा वडिलांशी मतभेद आहे.

दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत सांगतो. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना कार्बोरेटर होता. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानाला इंधनाचे इंजेक्शन. विमानाने एकदम नाक खाली केले की इंग्रजांच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उसळून इंजिन क्षणभर बंद पडे, आणि जर्मन वैमानिक निसटून जाई. मोठमोठे अभियंते नव्या कार्बोरेटरचे आराखडे काढत बसले असताना फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेतल्या बिएट्रिस शिलिंग या बाईंनी १९४१ साली पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक लहानशी भोकाची चकती काढली. चकती बसवायला विमान कारखान्यात न्यावे लागत नसे; तळावरच काम होई. ही बाई कोण? ती मोटारसायकलवेडी होती. स्वतःची पाचशे सी.सी.ची नॉर्टन स्वतःच्या हाताने जुळवून १९३४ साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर तिने ताशी १०६ मैलांचा फेरा मारला होता. फटफटीच्या कार्बोरेटरमध्ये बोटे काळी केली नसती तर विमानाच्या कार्बोरेटरची ती खोड तिला इतक्या सहज कळली नसती, असे आम्हाला वाटते. दूर कशाला, आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योगही १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासूनच सुरू झाला.

म्हणून पडवीत गाडी उघडणाऱ्या मुलाला दटावू नका. त्याला विचारा, ‘तू मोजलेस काय?’ हा एक प्रश्न पुरतो. ट्यूनिंग याचा अर्थ बदल करणे असा नाही; मोजणे, एकच गोष्ट बदलणे आणि पुन्हा मोजणे असा आहे. वहीत तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, प्लगचा रंग, झडपांची फट, एवढे सहा महिने लिहून ठेवले तर त्या वहीतून जे शिकायला मिळते ते कोणत्याही डबीबरोबर येत नाही. बहुतेक नव्या गाड्यांच्या आसनाखाली निदानाची एक लहान जोडणी असते. योग्य जोडतारेने ती मोबाइलला जोडता आली तर संवेदक काय सांगतो, पेटी पेट्रोल वाढवते की घटवते, बॅटरीचा दाब किती, हे आकड्यांत दिसते. पाहण्याला कायद्याची आडकाठी नाही. ज्यांना याहून खोल जायचे आहे त्यांनी शेतावरच्या जुन्या इंजिनावर किंवा भंगारातल्या गाडीवर हात साफ करावा. ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी माणसाने सुरू केलेली ‘स्पीडुइनो’ नावाची, सर्वांना खुली असलेली ईसीयू आज जगभर मुले स्वतः जोडतात. तिचे नकाशे आणि आज्ञावली विनामूल्य मिळते. कोष्टकातले एकेक घर भरताना जे शिक्षण होते ते कॉलेजात मिळणे दुर्मीळ. मात्र तेथे ‘खारट-अळणी’ सांगणारी आजी पुरत नाही. नेमके किती ते सांगणारा रुंद पट्ट्याचा संवेदक घ्यावा लागतो. तो न घेता आकडे बदलणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून तराजू धरणे. पेट्रोल कमी पडले, त्यात ठिणगी लवकर दिली, की आत खडखड सुरू होते आणि दट्ट्याच्या डोक्याला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

आणि रस्त्यावरच्या, रोजच्या गाडीवर? तेथेही घरी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक कोणी करत नाही. चाळणी साफ करणे, झडपांची फट फीलर गेजने पाहणे, प्लगची फट जुळवणे, थ्रॉटलच्या तोंडाशी बसलेली काजळी योग्य औषधाने पुसणे, बॅटरी तपासणे. बॅटरीचे नाव काढले म्हणून सांगतो: जुन्या गाडीत बॅटरी मेली तरी लाथ मारून गाडी निघे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप, पेटी आणि इंजेक्टर तिघेही तिच्यावर जगतात. बॅटरी अशक्त झाली की इंजेक्टर उघडायला वेळ लावतो, माप चुकते, आणि आपण ‘ट्यूनिंग बिघडले’ म्हणून मिस्त्रीकडे धावतो. एक सूचना मात्र कळकळीची. टाकीतला पंप पेट्रोल सुमारे तीन पट वातावरणाच्या दाबाने नळीत ढकलत असतो. दाब उतरवल्याशिवाय ती नळी कोणी सोडू नये. आणि जेथे पाण्याचा बंब किंवा चूल पेटते त्या पडवीत तर कधीच नको.

कोकणातल्या गाड्यांचा खरा शत्रू मात्र पाऊस आहे. आपल्याकडे पावसाळा चार महिने अंगावर असतो. वायरींच्या जोडण्यांत ओल शिरते, पितळेवर हिरवा गंज धरतो. संवेदक धडधाकट आणि पेटी शाबूत, तरी गाडी आचके देते. बिघाड असतो एका हिरव्या पिनेत. आषाढ लागण्यापूर्वी प्रत्येक जोडणी उघडून, पुसून, विजेच्या जोडण्यांसाठी मिळणारे ग्रीस लावून बंद केली तर निम्मे ‘गूढ’ बिघाड होतच नाहीत. त्यात नव्या पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ पासून पंपांवर बहुतेक सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्या घाटमाथ्यावरच्या उसाचा रस आता आपल्या टाकीत येतो, असे म्हणायला हरकत नाही. इथेनॉलला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनची पेटी आजीचे ऐकून हे सावरते. जुना कार्बोरेटर सावरत नाही, तो जरा उपाशी चालतो. लिटरमागे ऊर्जाही शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के उणी. आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी अर्धी रिकामी ठेवून श्रावणभर गाडी उभी केली तर तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळे बसू शकते, आणि पंप नेमका तळाशी असतो. उभी ठेवायची गाडी टाकी भरून ठेवावी.

पावसाचे बोलताना २२ जुलै २०२१ ची आठवण महाडात टाळता येत नाही. सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या, बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये दरडीखाली गेले. माणसांच्या दुःखापुढे गाड्यांचा हिशेब कोणी मांडू नये. पण पाणी ओसरल्यावर ज्याचा रोजगार गाडीवर होता त्याला ती सुरू करणे भाग होते, आणि तेथे एक गोष्ट उघडी पडली. कार्बोरेटरची बुडालेली गाडी गावचा मिस्त्री उघडी: तेल ओतून टाकी, प्लग सुकवी, कार्बोरेटर धुऊन पुन्हा बसवी, आणि गाडी धूर सोडत का होईना, निघे. इंजेक्शनच्या गाडीपुढे तोच अनुभवी हात थबके. पेटी बहुधा राळेत बुजवलेली असते, ती टिकते. पण जोडण्यांत चिखल, पंपात गाळ, आणि बिघाडाचा संकेत वाचणारे यंत्र फक्त कंपनीच्या केंद्रात. त्या केंद्रापर्यंत गाडी न्यायला रस्ता कुठे होता?

अशी पाळी पुन्हा आली तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका, आधी बॅटरीची तार सोडा. ओल्या जोडणीत वीज गेली की जे वाचले असते तेही जाते. आणि बटणाने किंवा लाथेने इंजिन फिरवू नका. दट्ट्याच्या वर पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आतली दांडी वाकते. प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या, तेल बदला, प्रत्येक जोडणी स्वच्छ पाण्याने धुऊन पुरती सुकवा, टाकी रिकामी करून पंप काढून पाहा. एवढे काम पडवीत होते.

पण संकेत वाचण्याचे यंत्र गावच्या मिस्त्रीच्या हातात का नसावे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी कौल देऊन मोटारींच्या बाबतीत हा हक्क मिळवला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे दालन उघडले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण त्यामागे पुरता कायदा उभा नाही, आणि कंपन्यांनी द्यायचे ते मॅन्युअल मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही मिस्त्रीपर्यंत पोचलेले आम्ही पाहिले नाही. आमचे स्पष्ट मत आहे की कायद्याने फेरफाराला जितके कडक असावे तितकेच दुरुस्तीला उदार असावे. उत्प्रेरक काढणाऱ्याला दंड करा. पण बिघाडाचा संकेत वाचू पाहणाऱ्या महाडच्या मिस्त्रीला कुलूप दाखवू नका. महाड आणि पोलादपूरच्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन असे एखादे निदानयंत्र वर्गणीने घेतले आणि पाळीपाळीने वापरले, तर पुढच्या पुराला त्याची किंमत एका आठवड्यात वसूल होईल.

जाता जाता घाट उतरण्याची एक गोष्ट. महाबळेश्वरहून येताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी बंद करून, गियर सोडून, नुसत्या ब्रेकवर पोलादपूर गाठणारे पुष्कळ आहेत. कार्बोरेटरच्या दिवसांत त्याला काही अर्थ होता, कारण थ्रॉटल मिटला तरी मंद वाटेने पेट्रोल झिरपतच राही. इंजेक्शनची गाडी निराळी. गियरमध्ये ठेवून थ्रॉटल पुरता मिटला आणि चाके इंजिनाला फिरवू लागली, की फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत बहुतेक गाड्यांची पेटी इंजेक्टर साफ बंद करते. त्या वेळी पेट्रोल शून्य. बंद गाडीने जे वाचते ते येथे आपोआप वाचते, आणि इंजिन वर ब्रेकही लावते. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये आंबेनळी उतरून वाड्याला थांबा आणि ब्रेकच्या ड्रमजवळ नुसता हात न्या. गियर सोडून आलेल्या गाडीचा ड्रम किती तापतो आणि तुमचा किती, ते कळेल.

टेबलावर आम्ही एक थ्रॉटल, एक इंजेक्टर आणि कापून उघडलेला उत्प्रेरक आणून ठेवला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जवळ यावे; मुलांना पुढे येऊ द्यावे. इंजेक्टरमध्ये थोडे पेट्रोल अजून असेल, तेव्हा विडी ओढणाऱ्या मंडळींनी तेवढा वेळ मंडपाबाहेर थांबावे.